एकावर साठ शून्यं आणि त्यातून निघालेली एक गोळी

द्राक्षांपासून सुरुवात करू. नाशिकमध्ये द्राक्षांचा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

माणसाचं एक मिलिलिटर रक्त घ्या. चहाच्या चमच्याचा फक्त पाचवा हिस्सा. त्यात तांबड्या पेशी किती असतात? सुमारे ५०० कोटी! आता प्रत्येक पेशीचं एकेक टपोरं द्राक्ष झालं असं समजा, पाच ग्रॅम वजनाचं. ५०० कोटी द्राक्षांचं वजन झालं २५ हजार टन. दहा टनांचा एक ट्रक धरला तर अडीच हजार ट्रक. एक ट्रक दहा मीटर लांब धरा, दोन ट्रकांमध्ये वीतभरही जागा सोडू नका. रांग झाली २५ किलोमीटरची. नाशिकहून निघालेली ही रांग त्र्यंबकेश्वर जवळ येईपर्यंत संपत नाही. आणि हे सगळं चमच्याच्या पाचव्या हिश्श्यात!

आता या अडीच हजार ट्रकांमधलं एकच द्राक्ष किडकं आहे. ते शोधायचं आहे.

कर्करोगाच्या गाठीतून सुटून रक्तात उतरलेली पेशी इतकीच दुर्मीळ असते. मिलिलिटरभर रक्तात एखादी सापडते, पुष्कळदा तीही नाही. वर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या सुमारे ७० लाख पांढऱ्या पेशी त्याच मिलिलिटरमध्ये फिरत असतात. त्या द्राक्षांचेही साडेतीन ट्रक होतात. हा शोध नाशिकमध्ये घेतला जातो. अंबड औद्योगिक वसाहतीतली दातार कॅन्सर जेनेटिक्स ही कंपनी रक्तातल्या अशा पेशी टिपण्याच्या तपासण्यांवर काम करते. स्तनाच्या कर्करोगासाठीच्या तिच्या तपासणीला अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ हा दर्जा दिला. २०२२ मध्ये प्रोस्टेटसाठीच्या तपासणीला तो मिळाला, २०२३ मध्ये मेंदूतल्या गाठींसाठीच्या. हा दर्जा म्हणजे शेवटची मंजुरी नव्हे. ही तपासणी महत्त्वाची आहे, हिची पारख लवकर व्हावी, एवढं त्यातून मान्य होतं. पण अंबडच्या एमआयडीसीतून निघालेल्या कामाची दखल तिथवर घेतली गेली, ही अभिमानानं सांगायची गोष्ट आहे.

पेशी सापडली, गाठीचा तुकडा हाती आला, की आकड्यांची खरी जत्रा सुरू होते. त्या पेशीत नेमकं काय बिघडलं? त्या बिघाडावर कोणतं औषध चालेल? ते औषध अस्तित्वात नसेल तर कोणत्या रेणूपासून बनवता येईल? या प्रश्नांना भिडणारा माणूस म्हणजे बायोइन्फर्मेटिक्सचा पोस्टडॉक संशोधक. पीएचडी पूर्ण झालेली असते, कायमची नोकरी अजून पुढे असते, आणि मधली काही वर्षं फक्त संशोधनाची असतात. परीक्षानळी त्याच्या हातात क्वचितच येते. समोर संगणक, आणि संगणकात असे आकडे की मोजताना श्वास अडकावा. अवाढव्य आकडा घ्यायचा आणि चाळत चाळत तो एकावर आणायचा, हेच त्याचं काम. जगातली ही सगळ्यात मोठी वजाबाकी असावी, असं मला मनापासून वाटतं. चला, ती पायरी पायरीनं करून पाहू.

पहिली पायरी, शरीर. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ३६ लाख कोटी पेशी असतात. हा आकडा कानावरून निसटून जातो, म्हणून विहिरीत ओतू. पाच मीटर रुंद आणि दहा मीटर खोल अशी शेतातली गोल विहीर घ्या आणि ती काठोकाठ बाजरीनं भरा. तिच्यात बाजरीचे जवळपास २,००० कोटी दाणे मावतील. एक पेशी म्हणजे एक दाणा. मग एका माणसाला किती विहिरी लागतील? १,८००! अठराशे विहिरी बाजरी घेऊन तुम्ही-आम्ही रोज उठतो, चालतो, जेवतो.

यातल्या बहुतेक पेशी तांबड्या, त्यांच्यात डीएनए नसतो. डीएनए असलेल्या पेशी ढोबळमानानं तीन लाख कोटी धरू. प्रत्येक पेशीत दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. सगळा उलगडून टोकाला टोक जोडला तर लांबी भरते ६०० कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे सूर्यापर्यंत वीस वेळा जाऊन यायचं! हेच अंतर मुंबई-पुणे लोहमार्गावर मोजू. अंतर १९२ किलोमीटर, डेक्कन क्वीन रोज जाऊन-येऊन ३८४ किलोमीटर धावते. एका माणसाच्या डीएनएइतकं अंतर कापायला तिला एकही सुट्टी न घेता किती वर्षं लागतील? बेचाळीस हजारांहून जास्त! ती धावू लागली १९३० मध्ये. अजून शंभरीसुद्धा गाठायची आहे.

दुसरी पायरी, अक्षरं. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली पोथी आहे, आणि तिच्या एका प्रतीत सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात. एका पानावर तीन हजार अक्षरं, एका पुस्तकाची तीनशे पानं, असं धरलं तर जवळपास ३,४५० पुस्तकं भरतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून वाचकांना पुस्तकं देत आलं आहे. तिथल्या कपाटांत हे ग्रंथ मांडायचे तर पुस्तकामागे दोन सेंटिमीटर धरून जवळपास ७० मीटरची फळी लागेल. आणि एवढा मजकूर डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीत बसलेला!

हीच पोथी एका ओळीत लिहू, एका अक्षराला एक मिलिमीटर जागा देऊ. ओळीची लांबी ३,१०० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जायचं, परत यायचं, असं आठ वेळा. या सगळ्या प्रवासात रुळांवर एकेक मिलिमीटरवर एकेक अक्षर लिहिलेलं आहे. त्यात कुठेतरी, कर्जतजवळ म्हणा की लोणावळ्याच्या पुढे म्हणा, एका मिलिमीटरवर एक अक्षर चुकलेलं आहे. ‘बीराफ’ नावाच्या जनुकात एका ठरावीक जागी ‘टी’ऐवजी ‘ए’ आला, की पेशीला वाढत राहण्याचा हुकूम मिळतो आणि तो थांबतच नाही. त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगात हा बदल वारंवार सापडतो. आठ फेऱ्यांच्या वाटेवर एक मिलिमीटर, आणि जीवन-मरणाचा प्रश्न!

पण थांबा. ही पोथी सलग वाचायला मिळत नाही. सिक्वेन्सिंग यंत्र ती फाडून तिच्या चिठ्ठ्या करतं. एका चिठ्ठीवर १५० अक्षरं. चुका नीट पकडता याव्यात म्हणून गाठीची पोथी शंभर वेळा वाचायची आणि तुलनेसाठी त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींची तीस वेळा. एकूण किती अक्षरं? ४० हजार ३०० कोटी. किती चिठ्ठ्या? जवळपास २७० कोटी. या चिठ्ठ्या एकापुढे एक लावा, तोच मिलिमीटरचा हिशेब ठेवून. मुंबई-पुणे? एकदा नाही, दहादा नाही, २,१०० वेळा! लांबी चार लाख किलोमीटरच्या वर जाते. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. एका रुग्णाच्या चिठ्ठ्या चंद्राला मागे टाकून पुढे जातात.

१९८२ च्या अखेरीला जगातला सार्वजनिक जनुकसाठा ‘जेनबँक’ केवढा होता? ६०६ नोंदी आणि ६ लाख ८० हजार ३३८ अक्षरं. जगभरच्या प्रयोगशाळांनी वाचलेली तेवढीच अक्षरं त्यात होती. आज एका रुग्णाच्या एका गाठीच्या तपासणीत त्याच्या जवळपास सहा लाख पट अक्षरं संशोधकाच्या पुढ्यात येऊन पडतात.

तिसरी पायरी, चाळणी. इथे संशोधकाचा कस लागतो. यंत्र चांगलं असलं तरी हजार अक्षरांत साधारण एक अक्षर चुकीचं वाचतं. हजारात एक म्हणजे किरकोळ वाटतं ना? ४० हजार ३०० कोटींत हजारात एक म्हणजे ४० कोटी चुका! या चुका रोगाच्या नाहीत, नुसत्या वाचण्याच्या आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. म्हणजे साडेतीन महाराष्ट्र भरतील एवढ्या खोट्या खुणा. ही पहिली चाळणी.

ती पार केली की दुसरा ढीग दिसतो. जगासाठी ठरवलेली एक प्रमाण पोथी आहे. तिच्याशी ताडून पाहिलं तर तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या डीएनएत ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडतो. कुणाचे डोळे घारे, कुणाला दूध पचत नाही, कुणी उंच. हे फरक जन्मजात आहेत, बहुतेक निरुपद्रवी आहेत. त्यांनाही बाजूला काढायचं. दुसरी चाळणी.

मग उरतात गाठीत नव्यानं झालेले बदल, म्युटेशन्स. काही गाठींत ते काही हजार असतात, काहींत लाखाच्या घरात चढत जातात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका रुग्णापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी पूर्ण वाचून शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये निष्कर्ष मांडला. त्यात २२ हजार ९१० एकेका अक्षराचे बदल सापडले, आणि हिशेब निघाला दर १५ सिगारेटींमागे एक म्युटेशन. रोज दहा सिगारेटी ओढणाऱ्याला हा हिशेब लावा. वर्षाला ३,६५० सिगारेटी, २४३ म्युटेशन्स. दर दीड दिवसाला पोथीत एक नवी चूक, कायमची!

आणि या हजारो बदलांतले खरे गुन्हेगार किती? जगातल्या १,३०० हून जास्त शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन ३८ प्रकारच्या कर्करोगांचे २,६५८ जीनोम, म्हणजे पूर्ण पोथ्या, अथपासून इतिपर्यंत वाचले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तर दिलं. एका गाठीमागे सरासरी चार ते पाच. पाच! ४० कोटींतून ५० लाख, ५० लाखांतून काही हजार, काही हजारांतून पाच. साडेतीन महाराष्ट्रांतली माणसं एका मैदानात उभी करायची आणि त्यातून नेमकी पाच जणं बाहेर काढायची, तीही एका निरपराध्याला हात न लावता. पोस्टडॉक संशोधक आपल्या संगणकावर हेच करत असतो, एकामागून एक रुग्णासाठी.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जगानं कर्करोगाचे जीनोम वाटून घेतले, तेव्हा भारतानं आपल्याकडे घेतला तोंडाचा कर्करोग, गाल आणि हिरडीचा. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीनं आपल्या गावागावांत नेऊन पोचवलेला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय संस्था आणि खारघरचं टाटा मेमोरियलचं संशोधनकेंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी मिळून ते काम केलं. सुरुवातीला ५० रुग्णांच्या डीएनएतला प्रथिनं बनवणारा भाग वाचला, आणि २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये या कर्करोगात वारंवार बिघडणाऱ्या जनुकांची यादी आली. त्यात पूर्वी या रोगाशी कुणी न जोडलेली जनुकंही होती. आपल्या तंबाखूचा आपल्या लोकांवरचा परिणाम आपल्याच शास्त्रज्ञांनी अक्षर अक्षर वाचून काढला!

चौथी पायरी, रुपये. पहिला मानवी जीनोम वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली आणि खर्च आला सुमारे २७० कोटी डॉलर. ८५ रुपयांचा डॉलर धरला तर २३ हजार कोटी रुपये होतात. नोटांचा विषय निघाला की नाशिकरोडच्या प्रेसचं नाव घ्यावंच लागतं. पाचशेच्या नोटांत ही रक्कम ४६ कोटी नोटांची. नोटेची जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा धरून गड्डीवर गड्डी रचा. उंची ४६ किलोमीटर! महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. एकावर एक २८ कळसूबाई.

आणि आज? अमेरिकेच्या जीनोम संस्थेनं २०२२ साठी काढलेला खर्च होता ५२५ डॉलर. ४५ हजार रुपयांच्या आत. पाचशेच्या नव्वद नोटा. उंची किती? नऊ मिलिमीटर! अठ्ठावीस कळसूबाई वितळून बोटाच्या पेराएवढ्याही उरल्या नाहीत, आणि हे वीस वर्षांत झालं. भारत सरकारनं २०२३ पासून ठरवलेलं सुरुवातीच्या रिसर्च असोसिएटचं मानधन आहे महिन्याला ५८ हजार रुपये. म्हणजे एका पोस्टडॉकच्या महिन्याच्या मानधनात आज एका माणसाची पोथी वाचून होते आणि वर पैसे उरतात. २००३ मध्ये त्याच्या जागी असलेल्या माणसाला हे स्वप्नातही दिसलं नसतं.

वाचन स्वस्त झालं, तसे साठे फुगले. अमेरिकेच्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’नं ३३ प्रकारच्या कर्करोगांचे २० हजारांहून जास्त नमुने तपासले आणि २.५ पेटाबाइट माहिती जमवली. १२८ जीबीचा एक मोबाइल धरला तर ती साठवायला जवळपास २० हजार मोबाइल लागतील. चोवीस डब्यांची गाडी, प्रत्येक डब्यात ७२ बर्थ, म्हणजे १,७२८ उतारू. अशा अकरा गाड्यांतल्या प्रत्येक उतारूच्या हातात एकेक भरलेला मोबाइल! आपल्या ‘जीनोम इंडिया’नं दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले, त्याची माहिती आठ पेटाबाइटची, फरिदाबादला ठेवलेली. त्याच हिशेबानं छत्तीस गाड्या.

ही माहिती दळायला जातं तेवढंच दणकट हवं. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला, तेव्हा त्याचा वेग होता सेकंदाला साधारण शंभर कोटी आकडेमोडी. पुणे विद्यापीठात त्याच्या चार वर्षं आधी, १९८७ मध्ये, बायोइन्फर्मेटिक्सचं केंद्र उभं राहिलं होतं. आज त्याच सी-डॅकमधल्या ‘ऐरावत’चा २०२३ मध्ये जागतिक यादीत नोंदलेला वेग आहे सेकंदाला साडेआठ हजार लाख कोटी आकडेमोडी. ८५ लाख ‘परम ८०००’ एकत्र! जगातल्या आठशे कोटी माणसांनी, तान्ह्या बाळासकट, दर सेकंदाला एक गणित सोडवलं, न झोपता, न जेवता, तर ऐरावतच्या एका सेकंदाची बरोबरी करायला त्यांना बारा दिवस लागतील.

आता मुठी आवळून बसा. पाचवी पायरी, औषध.

गुन्हेगार जनुक सापडलं. त्यानं बनवलेलं प्रथिन म्हणजे कुलूप समजा. त्यात बसणारी किल्ली, म्हणजे औषधाचा रेणू, शोधायची आहे. रसायनशास्त्रात बनवता येतील असे औषधासारखे छोटे रेणू किती असावेत? तज्ज्ञांचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे एकावर साठ शून्यं. कोटी म्हणजे एकावर सात शून्यं. लाख कोटी म्हणजे बारा. इथे साठ!

या प्रत्येक प्रकाराचा एकेकच रेणू बनवू. किलोभर नाही, चिमूटभर नाही, फक्त एक नग. इतका हलका की कोणत्याही तराजूला कळणार नाही. सगळे नग एकत्र केले तर वजन किती? तीन ते चार लाख सूर्यांइतकं! आपली सगळी पृथ्वी सूर्याच्या वजनाचा साधारण ३ लाख ३० हजारावा भाग आहे. म्हणजे नमुन्याला एकेक किल्ली घडवायची म्हटलं तरी पृथ्वी पुरत नाही, सूर्य पुरत नाही, लाख सूर्य पुरत नाहीत.

म्हणून किल्ल्या संगणकात घडवायच्या आणि तिथेच कुलपाला लावून पाहायच्या. या कामाला डॉकिंग म्हणतात. ‘झिंक-२२’ नावाच्या खुल्या साठ्यात ३,७०० कोटी रेणू नोंदलेले आहेत. आपल्या बाजरीच्या हिशेबात जेमतेम दोन विहिरी. एका रेणूला एक सेकंद धरा. एकाच प्रोसेसरनं काम केलं तर १,१७० वर्षं! म्हणजे चांदवड-सिन्नरच्या मुलखात यादवांची सत्ता उभी राहत होती त्या नवव्या शतकात बटण दाबायला हवं होतं, तर आत्ता कुठे काम संपत आलं असतं. दहा हजार प्रोसेसर एकत्र जुंपले की हेच काम त्रेचाळीस दिवसांत होतं. अकराशे सत्तर वर्षं दीड महिन्यात! २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी १३ कोटी ८० लाख रेणू एकाच प्रथिनाला लावून पाहिल्याचं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यातून नवे, खरोखर काम करणारे रेणू हाती लागले.

मग उरलेले रेणू? दोन विहिरी एका सेकंदात संपवणारं यंत्र जरी मिळालं, तरी एकावर साठ शून्यं संपवायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सहावर एकतीस शून्यं पट वेळ लागेल. म्हणून सगळे रेणू तपासणं हा मार्गच नाही. कुठे शोधायचं नाही, हे ठरवणं हा मार्ग आहे. पोस्टडॉकची बुद्धी इथे लागते. तो एक अट घालतो आणि लाख सूर्य बाद होतात. दुसरी अट घालतो आणि कोट्यवधी विहिरी रिकाम्या होतात.

पुढची वाट चिंचोळी आहे. औषधउद्योगात वर्षानुवर्षं सांगितला जाणारा हिशेब असा, की प्रयोगशाळेत पाच ते दहा हजार रेणू तपासले जातात, प्राण्यांवरच्या चाचण्यांपर्यंत अडीचशे पोचतात, माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पाच, आणि औषध होतं एक. कर्करोगात तर माणसांवर चाचणी सुरू झालेल्या शंभर औषधांतली पाचच्या आसपास मंजुरीपर्यंत पोचतात. लागतात दहा ते पंधरा वर्षं. अपयशांचा आणि गुंतलेल्या भांडवलाचा खर्च धरून एका नव्या औषधासाठी २६० कोटी डॉलर लागतात, असा अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा अंदाज आहे. पुन्हा २२ हजार कोटी रुपये, पुन्हा नोटांचे सत्तावीस कळसूबाई. चुकीचा रेणू संगणकातच बाद झाला तर त्या शिखरांतले किती दगड वाचतील, याचा विचार करा.

आणि हे सगळं कुणासाठी? भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे नवे रुग्ण होते अंदाजे १४ लाख १३ हजार. दिवसाला ३,८७०. दर बावीस सेकंदांना एक. तीच चोवीस डब्यांची गाडी घ्या, १,७२८ उतारूंची. रोज अशा दोन गाड्या गच्च भरतात आणि तिसरीचे सहा डबे. रोज! रविवारी, दिवाळीला, पाडव्याला. मृत्यू वर्षाला ९ लाख १६ हजारांच्या वर. म्हणजे रोज दीड गाडी.

म्हणूनच ही वजाबाकी मोलाची आहे, आणि ती कशी फळते ते आता पाहू. १९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शास्त्रज्ञांना रक्ताच्या एका कर्करोगात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, एक आखूड गुणसूत्र दिसलं. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक नवं, न थांबणारं प्रथिन तयार होतं, हे पुढे कळलं. कुलूप सापडलं. त्याची किल्ली १० मे २००१ रोजी अमेरिकेत मंजूर झाली. नाव इमॅटिनिब. तिच्यात अणू किती? कार्बनचे २९, हायड्रोजनचे ३१, नायट्रोजनचे ७, ऑक्सिजनचा १. एकूण ६८! एकावर साठ शून्यांच्या महासागरातून उचललेले अडुसष्ट अणू.

रोजचा डोस ४०० मिलिग्रॅम. त्यात या रेणूच्या प्रती ४८ हजार लाख कोटींच्या दहा हजार पट. हे तोंडात न मावणारं सोडा, शरीरातल्या ३६ लाख कोटी पेशींना समान वाटून टाका. वाट्याला किती येतात? प्रत्येक पेशीला एक कोटी तीस लाखांहून जास्त. एक गोळी, आणि अठराशे विहिरींतल्या एकेका दाण्यासाठी कोटभर किल्ल्या!

किमतीचा आकडाही लहान करावा लागला. या औषधाचा मूळ ब्रँड महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना मिळायचा, भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत. मूळ कंपनीनं मागितलेल्या पेटंटविरुद्ध मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था उभी राहिली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंट नाकारलं. तीच वाट पुढे चालू राहिली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून ‘नेक्सकार१९’ ही देशातली पहिली कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींना कर्करोगाशी लढायला तयार करणारी, उपचारपद्धती घडली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचं लोकार्पण झालं. परदेशात तीन-चार कोटींना मिळणारा उपचार इथे जवळपास दहाव्या हिश्श्यात!

आता शेवटचा हिशेब, ज्याच्यासाठी आपण पाचही पायऱ्या चढलो. त्याच गाडीत, त्याच १,७२८ बर्थवर, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे रुग्ण बसवा. १९७० च्या दशकात अमेरिकेत या रोगाचे पाच वर्षांनी हयात असलेले रुग्ण होते शंभरात बावीस. गाडीत ३८० जण उरले असते, अठरा डबे रिकामे. इमॅटिनिबनं उपचार सुरू केलेल्या रुग्णांचा दहा वर्षांनी घेतलेला हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरात त्र्याऐंशी हयात. दुप्पट वर्षांनंतर गाडीत १,४४० माणसं! वीस डबे भरलेले, माणसं बोलतायत, डबे उघडून जेवतायत, आपापल्या स्टेशनावर उतरतायत. एक चुकलेली जोडणी, एक किल्ली, अडुसष्ट अणू.

गाडीत २८८ बर्थ अजून रिकामे आहेत, आणि इतर कर्करोगांच्या गाड्यांत त्याहून कितीतरी जास्त. हा आकडा खाली आणायचं काम आजच्या पोस्टडॉकचं आहे, आणि नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजात आत्ता जीवशास्त्र आणि संगणक या दोन्हींवर सारखंच प्रेम करणाऱ्या मुला-मुलींचं आहे. चिठ्ठ्या चंद्रापलीकडे गेल्यात, यंत्रं तयार आहेत, पोथी वाचायला पाचशेच्या नव्वद नोटा पुरतात. २८८ वजा २८८ एवढंच गणित उरलंय, आणि ते सुटणारं आहे.